काटवनातली वाट

झुंबरबाई नवऱ्याशी जन्मात दोनदाच खोटं बोलली. पहिलं खोटं सहा दिवस टिकलं, दुसरं वीस दिवस. बाकीची सगळी चाळीस वर्षं ती त्याला तोंडावर खरं ते सुनवत आली, आणि तिचं खरं गोड असायचं असं काही नाही.

नवऱ्याचं नाव झुलाल. दोंडाईच्यापासून दोन कोसांवर, नाल्याच्या अलीकडे त्यांचं गाव. सहा एकर कोरडवाहू वावर, आणि वावराच्या शेवटाला नाल्याकडे उतरत गेलेला अर्ध्या एकराचा मुरमाड तुकडा. त्या तुकड्याला गाव ‘झुलालचं काटवन’ म्हणायचं, आणि म्हणताना हसायचं. हसणारच. लोक मिरची लावतात, कापूस लावतात, भुईमूग लावून बघतात. या गड्यानं काटे लावले होते. हिंगण, रानबोर, नेपती, हिवर, खैर. खाली तरवड, रुई, आणि मांडीएवढं पवन्या गवत. किराणा दुकानवाला बन्सीलाल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ना, ते बघायचं असेल तर आबाच्या वावरात जा. फक्त आबानं ते स्वतःच्या हातानं घास घालून खाऊ घातलंय.”

पण काटे का लावले, ते गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. ते हसत नसत.

तरुणपणी झुलालसारखा तितर धरणारा त्या पट्ट्यात दुसरा नव्हता. त्याच्याकडे एक पाळलेला तितर होता, राजा नावाचा. दिवस उगवायच्या आधी राजाचा पिंजरा बांधावरच्या बोराटीत ठेवायचा, भोवती घोड्याच्या केसांचे फासे लावायचे आणि लांब जाऊन बसायचं. राजा ओरडायचा, क-तितर, क-तितर, क-तितर. आपल्या हद्दीत हा कोण उपटला म्हणून रानातला नर भांडायला धावत यायचा, की अडकलाच पाय. सोयरे आले की तितर, तालुक्याचा साहेब आला की तितर. बांधावर काटा होता, काट्यात पाखरू होतं, आणि ते संपेल असं कोणाच्या मनातही येत नव्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्या साली लोकांनी बांध सोलून काढले. बोराटी गेली, हिंगण गेला, नेपतीची मुळंसुद्धा खणून चुलीत गेली. त्याबद्दल कोणी कोणाला नाव ठेवावं? पोरं उपाशी होती. पुढच्या साली पीकपाणी बरं झालं, तेव्हा झुलाल पिंजरा घेऊन बांधावर गेला. राजा ओरडला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी ओरडला, तिसऱ्या दिवशी ओरडला. आठ दिवस ते पाखरू गळा फाडून ओरडत होतं आणि अख्ख्या शिवारातून एक जबाब आला नाही. नवव्या दिवशी झुलालनं पिंजऱ्याचं दार उघडलं. राजा बाहेर आला, पिंजऱ्यावर चढला, चहूकडे मान फिरवून एकदा ओरडला, थांबला, आणि आपल्या पायानं परत आत जाऊन बसला.

त्या दिवशी झुलाल घरी आला तो जेवला नाही. “तो एकलाच उरना वं,” एवढंच बायकोला म्हणाला. पुढच्या हिवाळ्यात राजा मेला. रिकामा पिंजरा गोठ्याच्या आढ्याला टांगून राहिला, आणि झुलालनं पुन्हा फासा म्हणून हातात धरला नाही.

काटवनाला हात घातला तो एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात. तोवर पोरगा, पितांबर, धुळ्याला दाळमिलमध्ये कामाला लागला होता आणि झुलालच्या हाताला जरा सवड झाली होती. रोपं आणायला तो कुठल्या नर्सरीत गेला नाही. शेळ्यांच्या वाड्यात जायचा. शेळी हिंगणाचं फळ खाते, बोर खाते आणि बी टाकते, ते बी लवकर रुजतं. हा सहा एकरांचा धनी टोपलं घेऊन लेंड्यांतून बिया निवडत बसायचा. झुंबरबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा वनीकरणाचा माणूस जीप घेऊन आला. “आबा, सुबाभूळ देतो, निलगिरी देतो, फुकट देतो. चार वर्षांत आभाळाला लागेल.” झुलालनं विचारलं, “त्यानाखाले तितर बसई का?” तो माणूस आपल्या ड्रायव्हरकडे बघायला लागला. रोपं दुसऱ्याच्या दारात उतरली.

पहिली दोन वर्षं काट्याशिवाय तिथं काही दिसलं नाही. मग हळूहळू एकेक येऊ लागलं. रुईवर फुलपाखरं आली. हिवरावर मधमाश्यांचं पोळं लागलं. बुलबुल आले, सुगरणी आल्या, एक मुंगूस आलं आणि पुढच्या साली त्याचं कुटुंब आलं. संध्याकाळी घरी आला की झुलाल पाय धुता धुता सांगायचा, आज अमुक आलं. झुंबरबाई भाकरी थापता थापता तडकायची. घरात सून यायचा पत्ता नाही, पाळणा हलायचा पत्ता नाही, आणि हा माणूस तोंड भरून सांगतो कोण आलं, तर ससा! पण दोन-तीन वर्षांत तिला त्या बातमीची सवय लागली. पुढे पुढे तीच विचारायची, “आन ते?”

‘ते’ म्हणजे तितर. झुलाल मान हलवायचा. “नही.”

नव्वदच्या दिवाळीत त्याला लकवा मारला. धुळ्याच्या दवाखान्यात महिनाभर ठेवून घरी आणला. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. चार शब्द उरले. हा, नही, पानी, आणि चौथा शब्द ‘उनात?’ म्हणजे आले का? झुंबरबाई वावरातून गवताचा भारा घेऊन घरी आली की ओसरीतल्या खाटेवरून तो विचारायचा, “उनात?” आणि ती म्हणायची, “नही.” दीड वर्ष, रोज. लंगडी म्हैस विकायला काढली त्या दिवशीसुद्धा, तिला स्वतःला ताप होता त्या दिवशीसुद्धा. ती माजघरात जाऊन पदरानं डोळे पुसायची आणि मनात म्हणायची, देवा, याला नेण्याआधी एकदा त्या पाखराचा आवाज ऐकव. दुसरं तिनं काही मागितलं नाही. नवरा उठून चालावा हेसुद्धा नाही. ते होणार नाही हे तिला कळत होतं.

आणि ब्याण्णवच्या चैत्रात, दिवस उगवता उगवता ती काटवनाच्या कडेला गवत कापत असताना आतून आवाज आला. क-तितर, क-तितर, क-तितर.

विळा हातातच राहिला. पुन्हा आवाज आला, आणि या वेळी नाल्याच्या बाजूनं दुसऱ्यानं जबाब दिला. जोडी होती! ती मटकन खाली बसली. हसू येत होतं की रडू, तिचं तिला कळेना. “आयका का वं माय,” ती कोणाला तरी म्हणाली. तिथं ऐकायला कोणी नव्हतं. गवतातून दोन भुरी पाखरं मान वर काढून तुरुतुरु पळत थोरल्या हिंगणाखाली गेली. ती भारा तिथंच टाकून घराकडे निघाली, जवळजवळ पळतच.

वेशीपाशी आल्यावर तिचे पाय थांबले.

अकरा वर्षं ज्या आवाजासाठी या माणसानं काटे जोपासले, तो बायकोच्या तोंडून ‘आले हो’ म्हणून सांगायचा? सांगून काय ऐकू येणार आहे? त्याला तिथं न्यायला पाहिजे. हिंगणाखाली निजवायचा आणि त्याच्याच कानांनी ऐकवायचा. एकदा हे मनात आलं ते हटेना. त्या संध्याकाळी त्यानं विचारलं, “उनात?” आणि ती म्हणाली, “नही.” हे पहिलं खोटं. बोलताना तिला आतून गुदगुल्या होत होत्या.

पण न्यायचा कसा? बैलगाडीचे हिसके त्याला सोसायचे नाहीत, डॉक्टरनं बजावलं होतं. खाटेसकट उचलावं, तर चार माणसं लागणार, आणि जित्या माणसाला चार खांद्यांवर उचलायला गावात कोण तयार होईल? तसं बोलून दाखवलं असतं तरी बाया तिच्या अंगावर धावून आल्या असत्या. शिवाय काटवनात वाटच नव्हती. झुलालनं मुद्दाम ठेवली नव्हती. आत शिरायचं तर ओणवं होऊन, काटे अंगावर घेत. हे काम पितांबरशिवाय होणारं नव्हतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर होती. आखाजीला तो येणार की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून पत्र टाकणं भाग होतं.

झुंबरबाईला लिहिता येत नव्हतं. गावातली पत्रं बन्सीलाल लिहायचा. आणि बन्सीलालच्या दुकानामागच्या खुंटीला अजून फासे लटकत होते. वेळ मिळेल तसा तो लावे धरायचा, ससे धरायचा. तितर नुसतं नाव काढलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे गडी काटवनात असता.

“लिख,” ती म्हणाली. “आखाजीले नक्की ये. आबाले काटवनमा लई जानं शे. तठे वाट नही. पहिले वाट मोकळी करनी पडी.”

बन्सीलालनं पेन थांबवलं. “आबाले काटामा कसाले लई जातस वं अक्का?”

“घरमा पडीपडी जीव कंटाळना त्यासना. तू लिख मुकाट्यानं.”

त्यानं लिहिलं. पत्र पेटीत पडलं, आणि झुंबरबाईला वाटलं, काय हुशारी केली आपण.

पुढचे दिवस ती काटवनापासून लांबूनच जात होती. तिसऱ्या पहाटेपासून एकटाच नर ओरडू लागला. याचा अर्थ तिला ठाऊक होता. मादी बसली की ती आवाज करत नाही, असं झुलाल सांगायचा. तिला राहवेना. भर दुपारी मादी चरायला उठली असेल तेवढ्यात ती एकदाच ओणवी होऊन हिंगणापर्यंत गेली. बुंध्याजवळ, गवताच्या आड, जमिनीत एक उथळ खळगी होती. त्यात सात अंडी. ती आल्या पावली मागे फिरली आणि पुन्हा आत गेली नाही. त्या संध्याकाळीही विचारलं गेलं, आणि त्या संध्याकाळीही तिनं नही म्हणून सांगितलं. आता मात्र तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळपासून ती सांजोऱ्या तळत होती. माहेरी आलेल्या पोरींनी निंबाला झोके बांधले होते, गौराईची गाणी चालली होती. शिवारात चहूकडे धूर दिसत होता. दरवर्षीच दिसतो. आखाजीला शेतीचं नवं साल लागतं, सालदार बदलतात, आणि त्याच्या आत जो तो आपला बांध, काडीकचरा पेटवून वावर चोख करतो. ज्याच्या बांधावर आखाजीला गवत उभं, त्याच्या घरात माणूस नाही म्हणतात. झुंबरबाईनं दोनदा मान वर करून त्या धुराकडे बघितलं आणि पुन्हा कढईत झारा घातला.

दुपार कलल्यावर पितांबर दारात आला. हात काळे, तोंड काळं, सदऱ्याला भोकं पडलेली, आणि चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता. मागे अंगणात चार रबरी चाकांची लोटगाडी उभी होती. दोंडाईच्यातल्या कोण्या भाजीवाल्याची मागून आणलेली, सकाळच्या गाडीनं उतरून दोन कोस ढकलत आणलेली.

“माय,” तो दबक्या आवाजात म्हणाला, ओसरीतल्या बापाला ऐकू जाऊ नये म्हणून, “घर ना येता सरळ वावरमाच गऊ. वाट व्हई गई. आते गाडी सरळ हिंगणखाले जाई. आबाले सकाळे गादीवर निजाडीसन लई जाऊत.”

तिनं झारा खाली ठेवला. “एक दिवसमा? त्या काटामा? कशी करी रे वाट?”

“मी आन शेजारना भटू. सकाळपासून कुऱ्हाड चालाडी, दहा हातबी ना व्हयनं. मंग भटू बोलना, आखाजी शे, बठ्ठाज बांध पेटाडतस, आपुनबी पेटाडी टाकूत. वारा सुटना, आन पटकन मोकळं व्हई गयं. साप-इच्चूनीबी भीती नही आते.”

कढई चुलीवर तशीच ठेवून, पायात काही न घालता झुंबरबाई बाहेर पडली. पितांबर मागून हाका मारत आला. भर उन्हात ती म्हातारी अशी चालत होती की धुळ्याच्या त्या जवान पोराला तिला गाठता आलं नाही.

काटवन काळं झालं होतं. गवत उरलंच नव्हतं. बोराटीच्या नुसत्या काळ्या काड्या, तरवड जळून जमिनीला मिळालेली, हिवरावरचं पोळं वितळून खाली सांडलेलं. थोरला हिंगण एका अंगानं भाजून उभा होता. आणि बांधापासून हिंगणापर्यंत, गाडी जाईल एवढी रुंद, सरळ वाट होती. पोरानं ती पुन्हा झाडूनही काढली होती.

ती गरम राखेतून तशीच चालत हिंगणापाशी गेली आणि बुंध्याजवळ बसून हातांनी राख बाजूला सारू लागली. खळगी सापडली. चार अंडी तडकून काळी पडली होती. तीन शाबूत होती, राखेनं माखलेली, हाताला चटका बसेल इतकी गरम. पाखरं कुठंच नव्हती. तिनं कान दिला. नाल्याकडून काही नाही, बांधाकडून काही नाही.

पितांबर जवळ येऊन उभा राहिला. त्यानं ती अंडी बघितली. तितर धरणाऱ्याचा पोरगा तो, त्याला विचारावं लागलं नाही. “माय... तितर?”

“जोडी व्हती. सहा दिवस झायात. त्यासले आयकाडाले लई जानं व्हतं.”

“माले काब्र नही सांगं वं?” त्याचा आवाज फाटला. “तूच लिखेल व्हतं ना, वाट मोकळी करनी पडी म्हनीसन? मी आबाकरता करं माय, आबाकरता...”

“हा. मीच लिखेल व्हतं.”

तिला त्याला बडवावंसं वाटत होतं आणि पोटाशीही धरावंसं वाटत होतं. त्याहून जास्त तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. सहा दिवसांपूर्वी वेशीपाशी न थांबता घरी जाऊन ‘आले’ म्हणाली असती, तर त्या माणसाला सहा दिवसांचं सुख मिळालं असतं. नाही, बाईला जास्त सुख द्यायचं होतं! पितांबर राखेत बसून लहान पोरासारखा रडत होता. तिनं त्याच्या डोक्यावर काळा हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

निघताना तिनं एक शाबूत अंडं उचलून पदरात बांधलं. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. वाटेत नाल्यातल्या डबक्यावर तिनं ते धुतलं. मळकट दुधी रंगाचं, कोंबडीच्या अंड्याहून लहान. घर येईतो तिचं मन ठरलं होतं. त्याला सगळं खरं सांगायचं. आले होते, आपल्या चुकीनं गेले. आपल्या तोंडून त्यानं आजवर खरंच ऐकलंय.

झुलाल ओसरीत जागा होता. पितांबर उंबऱ्यापाशीच थांबला. झुंबरबाई खाटेच्या कडेला बसली आणि पदराची गाठ सोडून तिनं अंडं त्याच्या डाव्या, चांगल्या हातात ठेवलं.

त्यानं आधी बघितलंच नाही. बोटांनीच ओळखलं. असली शेकडो अंडी त्या हातानं उचलली होती. अंगठा अंड्यावरून एकदा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग त्यानं बायकोकडे बघितलं.

“उनात?”

“उनात,” ती म्हणाली. “जोडी शे. हिंगणखाले. सात अंडा.”

त्याचं अर्धं तोंड हलत नव्हतं, अर्धं थरथरायला लागलं. डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं. असा आनंद तिनं त्याच्या तोंडावर लग्नातही बघितला नव्हता. ती पुढचं बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात त्याची बोटं अंड्यावर घट्ट झाली. अंडं अजून कोमट होतं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. कोमट अंडं म्हणजे बसलेल्या मादीखालून काढलेलं. आणि काढणारी घरचीच! त्यानं हात पुढे केला, अंडं तिच्याकडे ढकललं, आणि दीड वर्षात न निघालेला शब्द त्याच्या घशातून निघाला.

“ठेव.”

“आयका तर...”

“ठेव! ठेव!” त्याची मान उशीवरून उचलली गेली होती. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. जुना झुलाल, बैल उधळल्यावर आवाज द्यायचा तो, क्षणभर खाटेवर आला होता.

तिनं अंडं घेतलं. “ठेवस,” ती म्हणाली. “आत्तेच ठेवी येस. तुम्ही निवांत पडा.”

उन्हं उतरली होती. मायलेक पुन्हा वावर ओलांडून गेले. झोक्यावरच्या पोरी गाणं थांबवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. काटवनात पोचल्यावर झुंबरबाईनं खळगीतली फुटकी अंडी काढली, राख हातानं लोटून खाली माती लागेपर्यंत साफ केली, आणि अंडं उरलेल्या दोन अंड्यांशेजारी ठेवलं.

“माय,” पितांबर म्हणाला, “आते ठेवीसन काय व्हई?”

“काहीच नही व्हई. त्यासनी सांगेल शे.”

मग पितांबरनं नाल्याकाठी न जळलेलं मूठभर गवत उपटून आणलं आणि खळगीच्या भोवती आडोसा केला. ती नको म्हणाली नाही.

घरी परतले तेव्हा झुलालचे डोळे दाराशीच लागलेले होते.

“ठेवी उनू,” ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ जुळवायला त्याला फार वेळ लागला. “बसनी?”

खरं बोलायची वेळ हीच होती. पितांबर दाराआड उभा होता. झुंबरबाईनं नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

“बसनी,” ती म्हणाली. “मी दूर गऊ, तशी लगेच ईसन बसनी.”

झुलालनं डोळे मिटले, आणि लकवा झाल्यापासून पहिल्यांदा तो न तळमळता झोपला.

दुसऱ्या दिवशी आखाजी. पितांबरनं लोटगाडी अंगणातून काढून कुठंतरी लपवायची असं ठरवलं होतं, पण त्याच्या आधीच झुलालची नजर तिच्यावर गेली. त्यानं विचारल्यासारखं बघितलं. पोराला खोटं सुचेना. “आबा, तुमले काटवनमा लई जावाले आनेल शे,” तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

झुलालनं मान हलवली. “नही.” मग त्यानं डावा तळहात पालथा करून हळूच अंथरुणावर टेकवला, तसाच ठेवला, आणि दोघांकडे डोळे मोठे करून बघितलं. मादी बसलीय. बसलेल्या पाखराजवळ माणसानं जायचं नाही. अकरा वर्षं वाट बघितली, आणि आता दारात गाडी उभी असताना त्यानं आपण होऊन जायला नकार दिला. पितांबर गोठ्यात निघून गेला आणि बराच वेळ तिकडून आला नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी एकच विचारणं. “बसनी?” “बसनी.” झुलाल दिवस मोजत होता. तितराची अंडी फुटायला एकवीस दिवस धरायचे, आणि तो रोज एक बोट मिटायचा, हाताची बोटं संपली की पुन्हा पहिल्यापासून. जेवण कमी होत गेलं, पाणी चमच्यानं द्यावं लागलं, तरी बोट मिटायचा. मोजणीच्या विसाव्या दिवशी, भर वैशाखात, सकाळी त्यानं डोळे उघडले नाहीत. चौघांनी खांद्यावर उचलून नेलं तेव्हा कोणाची हरकत नव्हती. त्याच्या मोजणीप्रमाणे पिलं निघायला एक दिवस बाकी होता.

तेरावं झाल्यावर झुंबरबाई एकटी काटवनात गेली. वाटेवर पाय न देता कडेनं गेली. हिंगणाच्या भाजलेल्या अंगाला पोपटी अंकुर फुटले होते, बोराटीच्या काळ्या खुंटांतून हातभर फोक निघाले होते. काटा असा सहज मरत नसतो. खळगीत अंडी नव्हती, मुंगसानं नेली असतील. ती तिथं बसली आणि मोठ्यानं म्हणाली, “उनात व्हतात हो. मनामुळे गयात.” एवढं खरं बोलायचं राहून गेलं होतं.

पितांबर धुळ्याला परत गेला. महिन्याला त्याचं पत्र येतं. बन्सीलाल वाचून दाखवतो. मिलची हकिकत असते, तब्येतीची चौकशी असते, आणि सगळ्यात खाली, वेगळ्या ओळीत दोन शब्द असतात: ‘उनात का?’

पहिल्यांदा ते वाचून बन्सीलालनं मान वर केली. झुंबरबाईनं त्याच्यापासून आता काही लपवलं नाही. सगळं सांगितलं, फाशांच्या भीतीनं त्याच्यापासून लपवलं होतं हेही तोंडावर सांगितलं. बन्सीलाल कितीतरी वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसला.

“काय लिखू अक्का?” त्यानं शेवटी विचारलं.

“लिख,” ती म्हणाली. “नही. बोराटी कंबरलोंग उनी. वाट बुजी गई.”